पप्पा म्हणतात नांदेड, मामा म्हणतो पुणे, आणि माझ्या एक्सेलमध्ये तिन्ही सारखेच!

पत्र : ताई, मी परभणीची. बारावी सायन्स झालंय, सीईटीला बऱ्यापैकी पर्सेंटाइल आलेत. आम्ही ओबीसी, पप्पांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आतच. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, नांदेडचं एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेज, तिथे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळेल असं गेल्या वर्षीच्या कटऑफवरून वाटतंय. दोन, पुण्यातलं एक प्रायव्हेट कॉलेज, तिथे आयटी किंवा एआय-डेटा सायन्स मिळू शकतं. तीन, पुण्याजवळची एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, त्यांनी कॉम्प्युटरला सीट देतो म्हणून फोन केला, फी वर्षाला ३ लाख ८० हजार पण २५ टक्के स्कॉलरशिप देतायत, आणि या आठवड्यात टोकन भरा म्हणतायत. मी एक्सेल शीट केलीये, रँकिंग, नॅक ग्रेड, हायेस्ट पॅकेज, कॅम्पस किती एकर, सगळं टाकलंय, तरी काही ठरत नाही. पप्पांना नांदेड जवळ वाटतं, हडपसरचा मामा म्हणतो पुण्याशिवाय करिअर नाही. मला स्वतःला फिजिक्स आवडतं, घरातला मिक्सर, इन्व्हर्टर मीच खोलते. तिघांमध्ये बेस्ट कुठलं ते सांगा. – गोंधळलेली

उत्तर :

अगं, एक्सेल करणारी मुलगी मला आधीच आवडली, पण तुझ्या शीटमधले सगळे रकाने कॉलेजने स्वतःबद्दल जे छापलंय त्यातून आलेत. एकर, हायेस्ट पॅकेज, ए प्लस प्लस, या सगळ्यात तू कुठेच नाहीयेस. तू ज्या डिपार्टमेंटमध्ये चार वर्षं बसणारेस ते डिपार्टमेंट, तुझ्यासारखी मधल्या मार्कांची पोरं तिथून बाहेर पडून काय करतात, आणि घरातून एकूण किती पैसे जातात, हे तीन रकाने टाक आणि बाकीचे सरळ डिलीट मार. आणि हे आकडे ब्रोशरमधून घ्यायचे नाहीत, कॉलेजला सरकारकडे जे कागद भरून द्यावे लागतात त्यातून घ्यायचे, ते सगळे फुकट मिळतात, फक्त कोणी उघडून बघत नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण या बाबतीत तुझ्या पत्रात एक मोठी गोष्ट राहून गेलीये. ८ जुलै २०२४ चा राज्य सरकारचा जीआर आहे, त्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्ण म्हणजे १०० टक्के. पण अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतला की नाही मिळत, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आणि खासगी डीम्ड यातून स्पष्ट वगळल्यात. म्हणजे तुझा पहिला आणि दुसरा पर्याय कॅपमधून आला तर ट्यूशन फी शून्य, आणि तिसऱ्यात पूर्ण भरायची. तो फोन करणारा माणूस तुला हे सांगणार नाही, त्याला दोष देत नाही मी, त्याचं कामच ते आहे.

आता तिसऱ्याचा हिशोब मांडून बघ. ३ लाख ८० हजारातून २५ टक्के गेले की २ लाख ८५ हजार. ही सूट चारही वर्षं असेल तर ११ लाख ४० हजार, आणि पहिल्याच वर्षापुरती असेल (बऱ्याचदा तशीच असते, नाहीतर पुढे अमुक सीजीपीए टिकवला तरच मिळते) तर १४ लाख २५ हजार. त्यात हॉस्टेल-मेसचे वर्षाला १ लाख ४० हजार धर, म्हणजे एकूण १७ ते २० लाख. यातले १५ लाख बँकेकडून घेतले, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत, तर हप्ता महिन्याला २० हजाराच्या आसपास बसतो. आणि मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून घाऊक भरती करतात तेव्हा फ्रेशरला साधारण साडेतीन लाखाच्या आतबाहेर पॅकेज असतं, म्हणजे हातात महिन्याला २५ हजाराच्या आसपास येतात. त्यातून २० हजार हप्ता गेला की पुण्यात राहायचं कशावर? चांगलं पॅकेज मिळालं तर प्रश्नच नाही, पण दुकान गहाण टाकताना ‘मिळालं तर’ वर विसंबून टाकायचं नसतं. म्हणून तिसरा पर्याय माझ्या मते बाद, तुला तो कितीही चकचकीत वाटला तरी.

माफी म्हणजे सगळंच फुकट असंही नाही हं, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस, पुस्तकं हे तुम्हालाच बघावं लागेल. आणि काही ठिकाणी आधी सगळी फी भरून घेतात आणि महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून पैसे आले की परत करतात, तेव्हा प्रवेशाच्या आधी अकाउंट सेक्शनला फोन करून नेमकं विचारा की पहिल्या दिवशी किती आणायचे. महाडीबीटीचा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, एका वर्षी विसरलं की त्या वर्षीची माफी गेली. प्रायव्हेट कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार असतं, तिथला आकडा आणि कॉलेजने सांगितलेला आकडा शेजारी शेजारी ठेव.

आणि टोकन भरू नकोस. या आठवड्यातच भरा, सीट संपतायत, हे ते कॅपच्या आधी दरवर्षी म्हणतात, कारण एकदा पैसे अडकले की माणूस कॅपमध्ये मन लावून भाग घेत नाही. कोणी मूळ मार्कशीट, टीसी ठेवून घ्यायला लागलं तर तिथून सरळ उठायचं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नोटिफिकेशनमध्ये मनाई केलेली आहे.

आता रँकिंग. तू एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगचा नंबर टाकलायस, ठीक आहे, पण तो नंबर कशाचा बनतो ते बघ. शिकवणं आणि साधनसामग्रीला ३० टक्के, रिसर्चला ३० टक्के, निकाल-प्लेसमेंट वगैरेला २०, बाहेरची मुलं-मुली आणि वंचित घटकांना किती सामावून घेतलं त्याला १०, आणि लोकांचं मत काय त्याला १०. तुला बीटेक करायचंय, तिथल्या प्राध्यापकांचे किती पेपर छापून आले याचा तुझ्या दुसऱ्या सेमिस्टरच्या नेटवर्क थिअरीवर फारसा परिणाम होत नाही. वर हा नंबर हलतो किती बघ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ ला विद्यापीठांच्या यादीत २३ व्या नंबरावर होतं आणि २०२५ ला ५६ व्या. एका वर्षात गणेशखिंडीतल्या इमारती काही कुठे गेल्या नाहीत, तिथली लायब्ररीही तीच आहे, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची चर्चा मात्र खूप झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती. सांगायचं काय तर ४२ वा आणि ५८ वा यातला फरक बघून चार वर्षांचा निर्णय घेऊ नये.

पण एनआयआरएफची खरी मजा नंबरात नाहीच, त्यासाठी कॉलेज जी पीडीएफ भरून देतं त्यात आहे. ही पीडीएफ कॉलेजला स्वतःच्या वेबसाइटवरही टाकावी लागते, खाली कोपऱ्यात कुठेतरी असते, शोध. त्यात चार वर्षांच्या यूजी कोर्ससाठी एक तक्ता असतो : पहिल्या वर्षाला किती जागा, किती भरल्या, किती मुलं वेळेत पास होऊन बाहेर पडली, किती प्लेस झाली, मीडियन सॅलरी किती, आणि पुढे शिकायला किती गेली. मीडियन म्हणजे सगळ्या प्लेस झालेल्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधोमध उभी असलेली मुलगी. हायेस्ट पॅकेज ४० लाख असलेल्या कॉलेजात मीडियन साडेचार लाख असू शकतं, आणि ज्याच्या होर्डिंगवर काहीच नाही त्याचं सहा. ‘वेळेत पास’ हा आकडाही बघ, ६० जणांतले ३५ च वेळेत बाहेर पडत असतील तर उरलेल्या २५ जणांचं काय झालं हे कोणीतरी विचारायला हवं ना.

प्लेसमेंटच्या पोस्टरचं एक तंत्र असतं, ते एकदा कळलं की फसायला होत नाही. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कशाचे ९५ टक्के? बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात ‘पात्र विद्यार्थ्यांपैकी’ असतं, आणि पात्र म्हणजे दहावी-बारावीला ६० टक्के, एकही बॅकलॉग नाही आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेलं. १२० पोरांत पात्र ७० निघाली तर ९५ टक्के हे त्या ७० चे. दुसरं म्हणजे ऑफर्सचा आकडा, एका पोराकडे तीन ऑफर लेटर असतील तर तीन मोजतात. तिसरं, पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस, शेअर्स, रिटेन्शन, सगळं मिसळून आकडा फुगवलेला असतो. आणि हे सगळं पूर्ण कॉलेजचं असतं, एनआयआरएफचं सुद्धा. तुला पाहिजे ब्रँचवार. तेव्हा ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसला एक साधा ईमेल टाक : गेल्या दोन बॅचमध्ये तुमच्या ईएनटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला (दुसऱ्या कॉलेजला आयटीला) किती मुलं शेवटच्या वर्षाला होती, त्यातली किती प्लेस झाली, आणि कोणत्या कंपन्यांत. जे कॉलेज उत्तर देतं त्याला माझ्याकडून आधीच अर्धा मार्क जास्त.

उत्तर नाही आलं तरी अडत नाही. लिंक्डइनवर कॉलेजचं पेज उघड, अ‍ॅल्युमनाय म्हणून टॅब असतो, तिथे साल आणि विषय टाकून गाळता येतं. तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेली त्या ब्रँचची मुलं आज कुठे आहेत बघ. सगळी सपोर्टमध्ये आहेत का, कोणी चिप डिझाइनला आहे का, कोणी एमटेकला आयआयटीत गेलंय का. त्यातल्या चार-पाच जणांना मेसेज कर, परभणीची आहे म्हणून सांग, मराठवाड्यातली पोरं परभणी म्हटलं की उत्तर देतात. मोघम ‘कॉलेज कसं आहे’ विचारू नको, ‘चांगलंय’ एवढंच येईल. विचारायचं की मागच्या सेमिस्टरला किती लेक्चर्स खरंच झाली, लॅबमध्ये एका सेटवर किती जण असतात, आणि आजारी पडल्यावर हॉस्टेलमधून दवाखान्यात कोण घेऊन जातं.

नॅकबद्दल थोडक्यात. दोन्ही दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्था, पण नॅक पूर्ण संस्थेला ग्रेड देतं, एनबीए एकेका कोर्सला मान्यता देतं. म्हणजे ए प्लस वाल्या कॉलेजातल्या तुझ्या ब्रँचला एनबीए नसूही शकतं, आणि तुझ्यासाठी ते जास्त महत्त्वाचं. नॅकच्या समितीतल्याच लोकांना २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली होती, तेव्हापासून मी ग्रेडपुढचे प्लस फार मोजत नाही.

आता आयटी, एआय-डीएस की ईएनटीसी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रात तू एक वाक्य असं टाकलंयस जे तुझ्या एक्सेलमध्ये कुठेच नाही : मिक्सर तू खोलतेस. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था) चांगल्या संस्थांसाठी ब्रँचच्या जागांवरची मर्यादा काढली, त्यामुळे ठिकठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातल्या एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा ब्रँचेसच्या जागा भराभर वाढल्या. जागा एका कागदावर वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. नियमाने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक पाहिजे. म्हणून त्या दुसऱ्या कॉलेजचं ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ उघड, एआयसीटीईमुळे प्रत्येकाला ते वेबसाइटवर ठेवावंच लागतं, आणि एआय-डीएस विभागातले शिक्षक मोज. किती पीएचडी, किती जण गेल्या वर्षी-दोन वर्षांतच लागलेत, आणि तेच नाव आयटीच्या यादीतही आहे का तेही बघ! विभागातून अजून एकही बॅच बाहेर पडलेली नसेल तर त्यांच्या प्लेसमेंटचे आकडे आयटीचे उसने घेतलेले आहेत हे ओळखून घे.

ईएनटीसीचं म्हणशील तर सॉफ्टवेअरच्या बहुतेक कंपन्या कॅम्पसला ईएनटीसीच्या मुलांनाही बसू देतात, उलटं होत नाही, आयटीच्या मुलीला व्हीएलएसआय (चिप डिझाइन) किंवा एम्बेडेडकडे (यंत्रांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सकडे) वळायचं तर बरंच मागे जाऊन शिकावं लागतं. म्हणजे तू ईएनटीसी घेतलंस तर कोडिंगचा दरवाजा बंद होत नाही, फक्त कोडिंग तुला स्वतःहून शिकावं लागेल, पहिल्या वर्षापासून, रोज. सिग्नल्सचं गणित मात्र जड जातं हं, फिजिक्स आवडतं म्हणजे गणित सोसवतं असं मी धरून चाललेय, सोसवत नसेल तर हा परिच्छेद विसर.

एसजीजीएस १९८१ चं आहे, विष्णुपुरीला, अनुदानित आणि ऑटोनॉमस. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, विद्यापीठाच्या पेपरची आणि रखडलेल्या निकालाची वाट बघत बसायला नको. ऑटोनॉमस म्हणजे आपोआप चांगलं असं नाही, जिथे शिक्षक बरे तिथे ते वरदान, जिथे नाहीत तिथे पेपर सोपे काढून सगळ्यांना ९ पॉइंटर वाटायची सोय. पण जुनं कॉलेज, जुने माजी विद्यार्थी, सरकारमान्य पगारावरचे शिक्षक याला किंमत आहे. परभणीहून गाडीने तास-दीड तासात पोचतेस, आजारी पडलीस तर मम्मी संध्याकाळपर्यंत येऊ शकते.

मामाचंही अगदीच चूक नाही. पुण्यात इंटर्नशिप सहज मिळतात, हॅकेथॉन, मीटअप, सीनियर, सगळं हाताशी असतं, हिंजवडीतला माणूस कॉलेजात येऊन लेक्चर देऊन जातो, आणि चार वर्षं पुण्यात काढलेल्या मुलीचा इंटरव्ह्यूला बोलण्यातला सराव वेगळा असतो, हे नाकारून चालणार नाही. नांदेडला हे सगळं ओढून आणावं लागतं. पण मामाला विचार, राहायला त्यांच्याकडे की हॉस्टेलला? त्यांच्याकडे असेल तर हडपसरहून कॉलेजपर्यंतचा रोजचा प्रवास एकदा सकाळी आठ वाजता स्वतः करून बघ, रविवारी नाही. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप करायला मामाचं घर तर आहेच, त्यासाठी चार वर्षं तिथे राहायची गरज नाही.

माझ्या डोळ्यांसमोर तुझी यादी अशी दिसतेय : नांदेडची ईएनटीसी वर, त्याखाली पुण्याच्या कॉलेजची आयटी, एआय-डीएस त्याच्याही खाली, आणि तिसरा पर्याय नाहीच. पण पुण्याच्या आयटीचे ब्रँचवार आकडे खणखणीत निघाले आणि एसजीजीएसच्या मुलांनी काही वेगळंच सांगितलं तर वरचे दोन बिनधास्त उलटे कर, ट्यूशन फी दोन्हीकडे माफच आहे, फक्त राहण्या-खाण्याचा फरक पडेल.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम खऱ्या आवडीनेच लाव, ‘हे मिळणार नाही म्हणून खाली टाकते’ असं करू नको, वर टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. २०२५ च्या कॅपला चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. तेव्हा जिथे जायचंच नाही ते वरच्या सहात कशाला ठेवायचं? तुझ्या वर्षीचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या साइटवर येईल, नियम बदललेत का ते त्यातूनच बघ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नाही.

कटऑफ बघतानाही एक गोची असते. यादीत प्रत्येक ओळीला जागेच्या प्रकाराचा कोड असतो, त्याचं शेवटचं अक्षर बघायचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. परभणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतं, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांना तू बाहेरची. तिथली एच ची ओळ बघून खूश होऊ नको, तुझी ओळ ओ ची, आणि कॉलेज ऑटोनॉमस असेल तर बऱ्याच ठिकाणी एस ची. एल ने सुरू होणाऱ्या मुलींच्या आणि जी ने सुरू होणाऱ्या सर्वसाधारण ओळी, ओबीसी आणि ओपन, सगळ्या तुला लागू होतात, चारही बघ.

नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, पप्पांना सांग, निकालानंतर तहसीलला आणि सेतूला जी झुंबड उडते त्यात आठवडे जातात, आणि दाखला वेळेत नसेल तर थेट ओपनमध्ये फेकली जाशील, मग माफीही गेली. आणि फॉर्म कन्फर्म करताना कॉलेजचं नाव वाचून टिक करू नको, चॉइस कोड (त्या कॉलेजातल्या त्या ब्रँचचा नंबर) जुळव. पुण्याची व्हीआयटी वेगळी आणि वेल्लोरची वेगळी, एमआयटी नावाने तर पुण्यातच कोथरूडला एक, आळंदीला एक, लोणी काळभोरला एक, आणि संभाजीनगरला अजून एक, डी. वाय. पाटील किती आहेत ते तू मोजून मलाच कळव.